दोघांशिवाय न उघडणारे दार

मी एक जुने दार आहे. मित्रांनो, दार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे उंबरठा, कडी आणि घंटीचे बटण आले असेल. तसले काही माझ्याकडे नाही. माझी उंची जेमतेम हातभर आहे आणि माझ्यातून आजवर एकही माणूस आत गेलेला नाही. मी लहान आतड्याचे दार आहे. म्हणजे खऱ्या दाराचा लाकडी नमुना. खरी दारे तुमच्या पोटात आहेत. ती इतकी बारीक आहेत की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही त्यांनी कधी दाद दिलेली नाही. मी मात्र सगळ्यांना दिसते, हाताला लागते आणि फिरताना खट्ट असा आवाज करते. नमुना आहे म्हणून मला कमी लेखू नका. चार इयत्तांची मुले माझ्यापुढे कान देऊन शिकली आहेत, आणि एका माणसाचा तर जीव माझ्यामुळे वाचला. तेही माझ्या चुकीमुळे! पण ते पुढे येईल.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत रंधा मारायचे लांब टेबल आणि मागच्या खोलीत फळ्या, भुसा आणि डिंकाचा वास. हा सुतार मोठा तऱ्हेवाईक होता. त्याने बसवलेली दारे कधी कुरकुरत नसत, पावसाळ्यात फुगत नसत, आणि ही गोष्ट तो ओळख झाल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला सांगत असे. त्याची थोरली बहीण शाळेत शास्त्र शिकवायची. शाळेत तिला सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. घरात ती ताई होती आणि तिच्यापुढे हा सहा फुटी सुतार अजूनही हाफ चड्डीतला असल्यासारखा वागे.

एका सकाळी बाई शाळेत जाता जाता कारखान्यात शिरल्या. त्यांच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर वैताग.

“सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “‘अमिनो आम्लांचे शोषण सोडियमच्या साहाय्याने होते.’ साहाय्य म्हणजे काय रे, विचारलं तर माना खाली. मला एक दार करून दे.”

“कुठं बसवायचंय?” सुताराने कानावरची पेन्सिल काढत विचारले.

“आतड्यात,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी भुशात बोटाने चित्र काढून त्याला समजावले. तेच मी तुम्हांला सांगते. तुम्ही अंडे खाता, दूध पिता, कडधान्ये खाता. त्यांतली प्रथिने पोटात तुटत तुटत जातात आणि शेवटी त्यांचे अगदी लहान तुकडे उरतात. हीच अमिनो आम्ले. तुमचे स्नायू, केस, नखे, जखमेवरची नवी कातडी, सगळे यांच्यापासून बनते. पण लहान आतड्यात पोचले म्हणजे ते शरीरात पोचले, असे नाही. आतड्याच्या आतल्या अंगाला बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यावर पेशींची एक रांग असते, आणि त्या पेशींच्या भिंतीत दारे असतात. बाहेर आतड्याची पोकळी, आत पेशी. पेशीत अमिनो आम्लांची आधीच दाटी असते, त्यामुळे नवीन आलेल्याला आपल्या जोरावर आत घुसता येत नाही. सोडियमचे उलट असते. मिठात असते ना, तेच हे सोडियम. ते पेशीच्या बाहेर भरपूर आणि आत अगदी थोडे, म्हणून त्याला आत जायची भारी ओढ. दार काय करते, तर दोघांनाही आपापल्या जागी बसवते आणि मगच फिरते. सोडियम आपल्या ओढीने आत उतरते, आणि त्याच्या जोरावर अमिनो आम्लही आत ओढले जाते.

“कळलं,” सुतार म्हणाला. “चार दिवसांनी ये.”

त्याला काडीचेही कळले नव्हते.

चौथ्या दिवशी मी तयार होते. एका जुन्या कपाटाच्या फळीतून त्याने माझी चौकट कापली होती आणि पुढून काच बसवली होती. चौकटीच्या मधोमध मुठीएवढा लाकडी रूळ, त्याच्या अलीकडे ‘बाहेर’चे आणि पलीकडे ‘आत’चे असे वर-खाली दोन दोन खण, आणि त्या रुळाला दोन खाचा. एक गोल, सोडियमसाठी. सोडियम म्हणून त्याने जुन्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या आणल्या होत्या. दुसरी खाच वाकडी, अमिनो आम्लासाठी. त्याचे लाल रंगवलेले हलके लाकडी तुकडे त्याने स्वतः पटाशीने कोरले होते. बाईंनी वाकड्या खाचेत एक तुकडा ठेवला आणि रुळाला बोट लावले. मी सुळकन फिरले आणि तुकडा आत. मग नुसती गोळी ठेवली. तीही आत. मला वाटले, आता कौतुक होणार.

“हे काय केलंस?” बाई म्हणाल्या. “हे तर कुणालाही आत घेतंय.”

“मग? दार आहे ते!” सुतार तडकला. “माणूस दारात उभा आहे आणि दार उघडत नाही, असं दार माझ्या हातून आजवर झालेलं नाही, ताई. लोक शिव्या घालतील.”

“या दारात माणूस उभा राहणार नाही. दोघं आल्याशिवाय ते हलता कामा नये.”

“एकट्यानं काय घोडं मारलंय?”

बहीण-भावाची चांगलीच जुंपली. शेवटी आतून सुताराची बायको चहा घेऊन आली. ती फार बोलणारी नव्हती, पण बोलली की मुद्द्याचे बोलायची. “अहो, काल ती बारा फुटी फळी तुम्ही एकट्यानं आत आणायला गेलात,” ती म्हणाली, “तेव्हा काय झालं?”

“चौकटीत अडकली.”

“आणि मी मागचं टोक धरलं तेव्हा?”

“आली आत.” सुतार चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने कप खाली ठेवला, माझ्याकडे वळला आणि माझा रूळ उपसून काढला. चहा गार झाला तरी त्याचे लक्ष नव्हते.

त्याने प्रत्येक खाचेखाली एक खिटी बसवली. खिटी म्हणजे बोटभर लाकडाची लहानशी कळ, खालून स्प्रिंगने वर उचललेली. गोळी बसली की एक खिटी दबते, तुकडा बसला की दुसरी. दोन्ही दबल्या तरच रूळ सुटतो. मग पोलादी गोळीच्या वजनाने तो फिरतो, गोळी वरच्या खणातून आतल्या खालच्या खणात उतरते, आणि त्याच फेरीत हलका तुकडा खालच्या खणातून आतल्या वरच्या खणात चढतो. एक उतरतो म्हणून दुसरा चढतो. एकट्याने आलात तर बोट दुखेपर्यंत ढकला, मी हलणार नाही. मित्रांनो, त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने दार झाले, कारण नाही म्हणायला शिकले.

पण अजून एक गोष्ट राहिली होती. सुताराने हौसेने मला दहा वेळा फिरवले आणि मग मी अडले. आतला खालचा खण गोळ्यांनी गच्च भरला होता. नव्या गोळीला उतरायला जागाच नव्हती.

“बिघडलं,” सुतार हिरमुसला.

“बिघडलं नाही रे, बरोबर झालं!” बाईंनी टाळी वाजवली. “पेशीतही असंच होईल, सोडियम बाहेर काढलं नाही तर. आता त्याचा पंप कर. तीन गोळ्या बाहेर, दोन निळे मणी आत. ते मणी म्हणजे पोटॅशियम. आणि हँडल हातानं फिरवायचं ठेव. फुकट काही होत नाही, हे मुलांना कळू दे.”

अशा रीतीने माझ्या पाठीला पंप बसला. चामड्याच्या पट्ट्यावर लाकडी चमचे आणि बाजूला एक हँडल. सुताराने मला मेणाने घासूनपुसून चकचकीत केले आणि तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले, ‘ताईच्या आतड्याचे दार’. बाईंना ते पुष्कळ वर्षांनी दिसले आणि त्या एकट्याच खूप वेळ हसल्या.

शाळेत माझा मान मोठा होता. प्रयोगशाळेचे काका मला दर शनिवारी कोरड्या फडक्याने पुसत, खिट्यांना खोबरेल तेलाचा एकेक थेंब देत. बाई वर्गात मला टेबलावर ठेवत आणि काही न सांगता विचारत, “हँडल कोण फिरवणार?” सगळे हात वर. मग गोळ्या, तुकडे, खट्ट, खट्ट, आणि मागे हँडल. पाच मिनिटांत हँडलवाल्याचा हात भरून येई आणि दुसरा पुढे येई. पंधराव्या मिनिटाला एकही हात वर नसे. तेव्हा बाई म्हणत, “दमलात? तुमच्या पोटात हे काम तुमच्या जन्मापासून चालू आहे. झोपलात तरी चालू. त्याला मधली सुट्टी नाही.” चाळीस मुले आपापल्या पोटाकडे बघत. त्या वेळी मला वाटे की शाळेतल्या हाडांच्या सापळ्याला उगाच एवढा भाव दिला जातो.

बाई मोठ्या प्रामाणिक. माझी स्तुती करतानाही त्या मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत नसत. “सगळी दारं अशी नसतात,” त्या सांगत. “काही अमिनो आम्लांची दारं सोडियमशिवायही चालतात. साखरेचं दार मात्र याच्याच शेजारी असतं आणि ते बरंचसं असंच, सोडियम आल्याशिवाय न फिरणारं. आणि या सगळ्यांच्या मागोमाग पाणी आत जातं, हे विसरू नका.” शेवटचे वाक्य त्या दोनदा म्हणत. तेव्हा मला वाटे, पाण्याचे काय एवढे! पुढे कळले.

एकदा तपासणीला एक साहेब आले. त्यांनी एक लाल तुकडा खाचेत ठेवला आणि गोळी न ठेवताच रूळ ढकलला. मी हलले नाही. त्यांनी अंगठा लावला, मग दोन्ही अंगठे लावले. त्यांचे कान लाल झाले. पहिल्या बाकावरची एक मुलगी अदबीने उठून म्हणाली, “सर, आधी सोडियम घाला.” वर्गात हशा पिकला, आणि साहेबही शेवटी हसले. त्यांनी शेऱ्यात लिहिले, ‘नमुना उत्कृष्ट आणि तत्त्वाचा पक्का’. तो शेरा काकांनी मला वाचून दाखवला. खोटे कशाला बोलू, त्यानंतर महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. तसे ते कधीच नसतात, मी टेबलावर असते.

मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझे हँडल एकदा फिरवले आणि गेल्या. नव्या शिक्षिका चांगल्या होत्या, पण त्यांच्या हाताशी मोठा पडदा आला होता. पडद्यावर आतडे रंगीत दिसे, त्यात सोडियम चमकत जाई, आणि कुणाला हँडल मारावे लागत नसे. त्यात वाईट काही नाही. मी तो धडा कपाटावरून रोज पाहिला आहे आणि तो सुंदर आहे. फक्त त्यानंतर कुणी आपल्या पोटाकडे बघत नसे.

वर्षे गेली. माझ्या गोळ्यांपैकी सातच उरल्या, निळे मणी कुणाच्या तरी माळेत गेले. काकाही थकले. प्रयोगशाळेचा दरवाजा वाऱ्याने आपटायचा, तेव्हा नव्या सफाईवाल्याने मला उचलून त्याच्या फटीत सरकवले. मी, एक दार, दुसऱ्या दाराला अडसर म्हणून! तो दरवाजा दिवसभर माझ्या अंगावर आदळे. त्या धक्क्यांनी माझ्या गोल खाचेखालची खिटी झिजली आणि एका बाजूला कलली. मला ते कळत होते. एकदा एका मुलाने सहज म्हणून नुसता तुकडा ठेवून मला फिरवले आणि मी फिरले. गोळीशिवाय! त्याला काही वाटले नाही. मी मात्र लाजेने अर्धी झाले. ज्या एका गोष्टीचा मला अभिमान होता, तीच माझ्याकडे उरली नव्हती.

आता त्या दिवसाकडे येते. दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेत चपलांचा आवाज झाला आणि ओळखीचे हात माझ्याखाली आले. बाई! केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. त्यांनी मुख्याध्यापिकांना चिठ्ठी लिहून दिली, मला पिशवीत घातले, सात गोळ्या रुमालात बांधल्या आणि रिक्षात बसल्या. रिक्षात त्या फोनवर बोलत होत्या, त्यावरून मला सगळे कळले.

सुतार आजारी होता. आठ महिन्यांपूर्वी त्याचा रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले होते, मीठ कमी करा. हा माणूस कमी वगैरे जाणत नाही. लाकूड एक तर गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असते नाही तर नसते, अशी याची रीत. त्याने मीठ सोडलेच. घरात त्याच्यासाठी वेगळे भांडे आले आणि येईल त्याला तो मोठ्या तोऱ्यात सांगू लागला, “आठ महिने झाले, जिभेला मीठ लागू दिलेलं नाही.” आणि आता दोन दिवस त्याला पाण्यासारखे जुलाब होत होते. तो नुसते पाणी पीत होता आणि आणखीच गळत होता. दुपारी डॉक्टर घरी येऊन गेल्या. त्यांनी मीठ-साखरेच्या मिश्रणाची पुडी दिली, लिटरभर पाण्यात विरघळवायला सांगितले आणि बजावले, “घोट घोट करून हे पोटात गेलं पाहिजे. पाच वाजता मी परत येते. घेतलं नाही तर दवाखान्यात नेऊन शिरेतून द्यावं लागेल, उशीर केला तर ते कठीण होऊन बसेल.” डॉक्टरांची पाठ वळताच सुताराने चष्मा लावून पुडीवरची अक्षरे वाचली. सोडियम! पुडी त्याने उशाखाली ढकलून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. सुताराचे घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होते. खाटेवर सुतार पडला होता. मी त्याला ओळखलेच नाही. डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे, रंधा मारणारे ते हात चादरीवर सुटून पडलेले. त्याची बायको खाटेच्या कडेला बसली होती. लेक भांडे घेऊन उभी होती, भांड्यातल्या पाण्यात पुडी अजून पडलेली नव्हती.

“आत्या, तूच सांग गं बाबांना,” लेक रडवेली झाली होती. “मी डॉक्टरांना परत फोन केला. त्या म्हणाल्या, मुकाट्याने पाजा. तरी ऐकत नाहीत.”

“डॉक्टरांना शंभर पेशंट,” सुतार पुटपुटला. “माझं प्रेशर... लक्षात नसेल त्यांच्या. मीठ म्हणजे विष आहे मला. साधं पाणी द्या.”

“वन्सं, साधं पाणी देते ते सगळं निघून जातंय,” बायको म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “ह्यांना कोण समजावणार? माणसाचं ऐकतील तर शपथ.”

“माणसाचं नाही ऐकत, ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या. “म्हणून लाकूड आणलंय.”

त्यांनी मला पिशवीतून काढून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवले. सुताराने मान किंचित वळवली. मला त्याने ओळखले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. पुढे काय होणार ते फक्त मला ठाऊक होते.

“आठवतंय?” बाई म्हणाल्या. “तुझंच आहे. आजारपणातही पोटातली ही दारं बहुतेक चालू राहतात. म्हणूनच ही पुडी आहे. सोडियम आत गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. आता बघ, सोडियम नसलं तर काय होतं.” त्यांनी एक लाल तुकडा वाकड्या खाचेत बसवला. गोल खाच रिकामी ठेवली. “बघ, मी ढकलते. हलणार नाही.”

आणि त्यांनी बोट लावले.

मित्रांनो, मी जीव तोडून अडायला बघितले. पण झिजलेली खिटी काय अडवणार! मी सुळकन फिरले. खट्ट. तुकडा आत.

बाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी पुन्हा केले, मी पुन्हा फिरले. लेकीने तोंडावर हात घेतला. इतकी वर्षे मी हजारो वेळा खरे बोलले होते, आणि एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा खोटे बोलले. त्या क्षणी कुणी मला चुलीत घातले असते तरी मी हूं की चूं केले नसते.

“ताई.” खाटेवरून आवाज आला. “थांब. परत कर बघू.”

बाईंनी परत केले. खट्ट.

“हे चूक आहे,” सुतार म्हणाला. तो कोपरावर उठला. बायको धरायला धावली, तर त्याने तिचा हात बाजूला सारला. “गोळी कुठाय? गोळी नाही आणि हे फिरतंय? कुणी हात लावला याला? माझ्या कारखान्यातून असं दार गेलेलं नाही!”

“जुनं झालंय रे...” बाई म्हणाल्या.

“जुनं होऊ दे! गोळी बसल्याशिवाय ते हलताच कामा नये. गोळीचं वजन नाही तर तुकडा वर चढणार कसा? तू बोटानं ढकलतेयस म्हणून चढतोय. आत कुणाचं बोट आहे का? गोळी नाही तर काही आत जाणार नाही, बाहेर नुसती गर्दी राहील आणि—” त्याला धाप लागली.

“आणि?” बाईंनी अगदी हळू विचारले. वर्गात विचारत, तसेच.

सुतार माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने भांड्यातल्या साध्या पाण्याकडे पाहिले. मग स्वतःच्या पोटाकडे. मित्रांनो, किती वर्षांनी पुन्हा कुणीतरी माझ्यासमोर आपल्या पोटाकडे बघत होते.

“आणि जे प्यायलो ते सगळं बाहेरच राहील,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने उशाखाली हात घातला, पुडी काढली आणि लेकीपुढे धरली. “लिटरभर मोजून घे. मापात चूक करू नकोस.”

लेकीने उकळून गार केलेले पाणी मापून घेतले आणि पुडी अख्खी विरघळवली. पहिला घोट त्याच्या बायकोने चमच्याने पाजला. त्याने तोंड वाकडे केले. “खारट आहे,” तो म्हणाला. आठ महिन्यांनी ती चव जिभेवर आली होती, आणि मला वाटते, त्याला ती आवडली. दर दोन मिनिटांनी एक चमचा, मग घोट, मग अर्धा पेला. बाई घड्याळ बघत होत्या. मी स्टुलावर बसून मनातल्या मनात फिरत होते. त्याच्या पोटातल्या माझ्या खऱ्या बहिणी त्या वेळी कामाला लागल्या होत्या. त्या होत्या पुडीतल्या साखरेसाठी, मी अमिनो आम्लांसाठी, पण रीत आमची एकच. सोडियम बसले, साखर बसली, फिर. पाणी मागोमाग.

पाच वाजता डॉक्टर आल्या. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भांड्यात किती उरले ते पाहिले. “बरंच घेतलंत की,” त्या म्हणाल्या. “असंच चालू ठेवा. आज दवाखान्यात न्यायची गरज दिसत नाही. रात्री पुन्हा जास्त झालं तर मात्र लगेच फोन करा.” मग त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि कपाळावर हात मारला. “अहो काका, मी मीठ कमी करा म्हटलं होतं. कमी म्हणजे बंद नव्हे! आणि बरं वाटलं की ही पुडीही बंद. नाही तर आठ महिने तीच पीत बसाल.” बायको त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

आठवड्याने सुतार जिना उतरून कारखान्यात आला. पहिले काम त्याने माझे हातात घेतले. लेकीने म्हटले, “बाबा, जरा दम धरा.” त्याने धरला नाही. त्याने माझा रूळ काढला, मोडकी खिटी बाहेर घेतली, चिमटीत धरून उजेडात पाहिली. मी खाली मान घातली होती. पण तो रागावला नाही. त्याने चिवट लाकडाचा नवा तुकडा निवडला, कानशीने घासला, पुन्हा घासला, स्प्रिंग बदलली. नव्या गोळ्या आणल्या. बायकोने निळे मणी ओवून ठेवले होते. संध्याकाळी बाई आल्या.

“चालतंय?” त्यांनी विचारले.

सुताराने एक लाल तुकडा वाकड्या खाचेत ठेवला. गोल खाच रिकामी. त्याने बोट लावले. मी हलले नाही. त्याने अंगठा लावला. मग दोन्ही अंगठे लावले, अगदी त्या साहेबांसारखे. मी जागची तसूभरही सरकले नाही. आयुष्यभर उघडणारी दारे करणाऱ्या त्या माणसाचा चेहरा हळूहळू उजळला.

“नाही उघडत,” तो बायकोकडे बघून म्हणाला. “झकास झालंय.”

आता मी पुन्हा शाळेत आहे. पडदाही आहे, मीही आहे. आमचे बरे चालले आहे. बाई महिन्यातून एकदा येतात आणि नव्या मुलांना विचारतात, हँडल कोण फिरवणार. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला चकचकीत ठेवा असे मी म्हणत नाही. मला उंच फळीवर ठेवून माझी स्तुती करा असेही नाही. फक्त अधूनमधून कुणीतरी या, गोळी न घालता मला एकदा ढकलून बघा. मी फिरले तर वेळीच कुणाला तरी सांगा. आणि मी हलले नाही, तर निश्चिंत मनाने आपल्या वर्गात जा.